घाटात बंद पडणारी गाडी आणि आमची वही



आम्ही वाई तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. गटात अकराजणी आहोत. आज रेडिओवर आमच्यातल्या तिघी आल्यात, पण बोलणं सगळ्यांचं आहे. म्हणून आम्ही 'आम्ही' असंच म्हणणार.

विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. चालती गाडी एकदम ओढ सोडते, मग बंद पडते आणि कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही, तेव्हा काय करायचं? तुम्ही म्हणाल, हे मिस्त्रीचं काम, बायकांनी कशाला बोलायचं? आम्हीही आधी असंच म्हणायचो. त्या म्हणण्यापायी आमचे हजारो रुपये गेले. आणि पैशापेक्षा मोठं म्हणजे आमच्यातल्या एकीला आम्ही विनाकारण बोललो. ते कसं घडलं ते आज सांगतो.

आमच्या गटाची एक गाडी आहे. छोटा मालाचा टेम्पो, डिझेलवर चालणारा, जुना घेतलेला. थोडी बचत घातली, थोडं बँकेचं कर्ज काढलं. कृष्णाकाठचा भाजीपाला, मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि आमच्या हातच्या भाकरी, चटण्या, हे सगळं घेऊन गाडी सकाळी पसरणीच्या घाटानं वर पाचगणीला जाते. पाचगणीला राहून शिकायच्या शाळा पुष्कळ, तिथल्या दोन वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत आमचा माल जातो. साडेआठच्या आत माल पोचला नाही, तर त्यांचं काम अडतं. दोन-तीनदा अडलं की ते दुसरा माणूस बघणार, हे सांगायला नको.

गाडी चालवते ती आमच्यातली सगळ्यात लहान. तिला आम्ही धाकटीच म्हणतो. चालवायला शिकली, लायसन काढलं, घरच्यांची बोलणी खाल्ली, पण मागं हटली नाही. वर्षभर गाडी कुठं अडली नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर त्रास सुरू झाला. वाईतून गाडी नीट निघायची. घाट लागला, चार वळणं झाली, की ओढ कमी व्हायची. ॲक्सिलेटर पार खाली दाबला तरी गाडी दम लागल्यासारखी चालायची. दुसऱ्या गिअरवरनं पहिल्यावर यायची, आचके द्यायची आणि बंद. मग सेल्फ मारला की घर्र घर्र फिरायची, पण चालू व्हायची नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, भाजी उन्हात, आणि मग कधीतरी आपोआप चालू व्हायची. जशी काही रुसली होती आणि आता रुसवा गेला.

आता आम्ही काय काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही ते करणार नाही.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. का? तर शेजारच्या एकानं सांगितलं, "चालू होत नाही म्हणजे बॅटरी गेली." नवी बॅटरी घातली, पैसे गेले, तिसऱ्या दिवशी गाडी परत घाटात उभी. मग मिस्त्रीकडं नेली. त्याच्या शेडमध्ये गाडी एका सेल्फला चालू. त्यानं डिझेल फिल्टर बदलला, तो बदलायला झालाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्रास गेला नाही. मग तो म्हणाला, "पंपच उतरवावा लागेल, बावीस हजार धरून चाला."

बावीस हजार! गटाच्या खात्यात तेव्हा सत्तावीस होते.

त्या रात्री बैठक बसली. कुणी म्हणालं गाडी विका. कुणी म्हणालं, पुरुष ड्रायव्हर ठेवा, बाईच्या हाताला चढ बसत नाही. आणि एकीनं तर म्हटलं, "डिझेल नीट भरती का गं तू? का दुसरंच काही मिसळून आणती?" आम्ही बाकीच्या गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच की. धाकटीनं किल्ली कमरेची काढली आणि वहीवर ठेवली. म्हणाली, "काकी, ही घ्या किल्ली. उद्यापास्नं दुसरं कुणी बघा."

त्या रात्री आमच्यातल्या कुणालाच नीट झोप लागली नसावी.

सकाळी अध्यक्षकाकी तिच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "किल्ली ठेव तुझ्यापाशी. पंधरा दिवस पंपाला हात लावायचा नाही. पंधरा दिवस फक्त लिहायचं." आणि तिच्या हातात एक दोनशे पानी वही दिली.

मैत्रिणींनो, आमच्या गटात हिशेबाची वही कधी चुकत नाही. कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, सगळं लिहिलेलं असतं. मग गाडीचं का नाही लिहायचं? लेकरू आजारी पडलं, डॉक्टरकडं नेलं, की डॉक्टर काय विचारतात? ताप कधीपासून, सकाळी येतो का रात्री, काय खाल्लं होतं, औषध दिल्यावर उतरला का. आपण नुसतं "बरं नाही" म्हटलं तर डॉक्टर तरी काय करणार? आणि आम्ही मिस्त्रीला काय सांगितलं होतं? "गाडी बंद पडते." एवढंच. त्याच्या सपाट शेडमध्ये ती बंद पडत नव्हती. मग त्यानं अंदाजानंच हात घातला. चूक त्याची एकट्याची नव्हती.

वहीत आम्ही सहा गोष्टी लिहायचं ठरवलं. निघताना टाकीत डिझेल किती. माल किती. ओढ कुठं गेली. बंद कुठं पडली. किती वेळानं चालू झाली. आणि चालू होण्याआधी आपण काय काय केलं. दुसरी एकजण धाकटीच्या शेजारी बसायची आणि लिहायची.

लिहिता लिहिता एकेक प्रश्न सुटत गेला. ते प्रश्न आता तुम्हाला क्रमानं सांगतो. हा क्रम लक्षात ठेवा, कारण यात आधी फुकटचं तपासायचं आणि खर्चाचं शेवटी, असं आहे.

पहिला प्रश्न: सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं? नुसतं 'टक्' होतं, किंवा इंजिन रडत रडत फिरतं आणि दिवे मंद होतात, तर बॅटरीकडं बघायचं. तेही लगेच नवी घ्यायची नाही. आधी बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, वायरचं टोक सैल आहे का, ते बघायचं. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. पण इंजिन जोरात घर्र घर्र फिरतंय आणि तरी पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ आपलं काम करतायत. मग आजार दुसरीकडं आहे. आमची गाडी जोरात फिरत होती. म्हणजे आम्ही घेतलेली बॅटरी वाया. कान उघडे ठेवले असते तर ते पैसे वाचले असते.

दुसरा प्रश्न: गाडी कशी बंद पडते? बटण दाबून दिवा घालवावा तशी एकदम, की दम लागून हळूहळू? एकदम गेली तर बहुतेक वेळा वायर, फ्यूज, विजेचा भाग. आचके देत, ओढ कमी होत होत गेली, तर इंजिनला डिझेल किंवा हवा पुरी पडत नाही. इंजिनला काय लागतं? चुलीला लागतं तेच. जळायला इंधन, फुलायला हवा आणि पेट. पेट्रोलच्या गाडीत पेट प्लगच्या ठिणगीनं होतो. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते, हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापानं डिझेल पेटतं. आमची गाडी हळूहळू दम सोडत होती. म्हणजे इंधन नाहीतर हवा.

तिसरा प्रश्न: इंजिन तापतंय का? समोरचा काटा बघायचा. काटा लालकडं गेला असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. आतलं पाणी उसळून तोंडावर येतं. आमचा काटा मधेच होता. हेही वहीत लिहिलं.

चौथा प्रश्न: धूर कसा आहे? काळा धूर येत असेल तर इंधनाच्या मानानं हवा कमी पडतीय, एअर फिल्टर धुळीनं भरलाय का ते आधी बघायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि डिझेलची गाडी सेल्फवर नुसती फिरतीय, पण सायलेन्सरमधनं धुराचा कणही नाही, तर डिझेल आत पोचतच नाही. वहीत तिसऱ्या दिवशीची नोंद आहे: "सेल्फ मारताना मागं जाऊन बघितलं, धूर नाही." या एका ओळीनं आमचं अर्धं काम केलं. हवेचा प्रश्न नव्हता, डिझेलचाच होता. तरी एअर फिल्टर काढून बघितला, झटकला, परत बसवला. पैसे शून्य.

आता डिझेल टाकीतनं निघतं आणि इंजिनपर्यंत जातं, त्या वाटेत ते कुठं अडतं? वाटेत गाळ असू शकतो, पाणी असू शकतं, किंवा नळीत हवा शिरलेली असू शकते. फिल्टर नवा होता, म्हणजे गाळ नाही. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा एक स्क्रू असतो. गाडी थंड असताना त्याच्याखाली पांढरी बाटली धरून थोडं डिझेल काढलं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते बाटलीत खाली बसतं आणि वेगळं दिसतं. आमच्या बाटलीत पाणी नव्हतं. मग हवा. फिल्टरच्या डोक्यावर हातानं दाबायचा छोटा पंप असतो. शेजारचा स्क्रू थोडा सैल करून तो दाबत राहायचं. फेस आला, बुडबुडे आले, तर नळीत हवा होती. फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत दाबायचं आणि स्क्रू आवळायचा. मिस्त्री याला 'एअर काढणं' म्हणतात. धाकटी हे त्याच्याकडं बघून शिकली. घाटात बंद पडल्यावर प्रत्येक वेळी फेस यायचा. म्हणजे कुठनं तरी हवा आत ओढली जात होती. पण नळ्या सगळ्या बघितल्या, कुठं डिझेल झिरपल्याचा डागसुद्धा नव्हता.

इथं एक सांगतो, ते नीट ऐका. आमची गाडी जुनी आहे, म्हणून हे एवढं हातानं करता आलं. नव्या डिझेल गाड्यांमध्ये इंजिनाजवळच्या नळ्यांत इतका दाब असतो की, निघालेली बारीक धार कातडी फोडून आत जाते. त्या नळ्यांना हात लावायचा नाही. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 च्या गाड्या आल्या, त्यांत समोर इंजिनाचा दिवा लागतो आणि मिस्त्री यंत्र लावून बिघाड वाचतो. तिथं आपलं काम एवढंच: दिवा कधी लागला ते लिहून ठेवायचं.

आता आमच्या वहीकडं परत येऊ. दहा दिवस झाले आणि दुसऱ्या रविवारी आम्ही सगळ्या ती वही घेऊन बसलो. वाचणारी वाचत होती. "सोमवार, टाकी फुल, घाटात बंद. मंगळवार, टाकी पाऊण, बंद, पण वर गेल्यावर. गुरुवार, टाकी पाव, बंद नाही, थेट पाचगणी. शनिवार, वाईतच टाकी फुल केली, चौथ्या वळणापाशी बंद."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आम्हाला तर वाटत होतं उलटं. डिझेल कमी असलं की तळाचा कचरा ओढला जातो, म्हणून आम्हीच धाकटीला बजावलं होतं, "टाकी कायम भरलेली ठेव." आणि वही सांगत होती, टाकी भरली की गाडी लवकर मरते.

मग शेवटचा रकाना वाचला: चालू होण्याआधी काय केलं. पाच वेळा गाडी बंद पडली होती. तीन वेळा नुसतंच थांबलो, तेव्हा अर्धा तास, पाऊण तास गेला. दोन वेळा पाच मिनिटांत चालू झाली. त्या दोन्ही वेळी लिहिलं होतं: "डिझेल किती उरलं ते बघायला टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज आला. कामटी घालून बघितलं. मग एअर काढली, सेल्फ मारला."

आमच्या आक्कांचं किराण्याचं दुकान आहे. जन्मभर तेलाचे पंधरा किलोचे डबे फोडलेत त्यांनी. त्या एकदम म्हणाल्या, "आगं, डब्याला एकच भोक पाडल्यावर तेल पडतं का? गुळुक-गुळुक करतं आणि अडतं. दुसऱ्या अंगाला भोक पाडावं लागतं, वारं आत जायला. त्या झाकणाला भोक हाय का, बघा आधी."

कुणी काही बोललं नाही. कारण त्या झाकणाला भोक का नाही, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी सापडलं होतं. मिस्त्री म्हणाला होता, झाकणावाटे पावसाचं पाणी जातंय. तेव्हा बैठकीत आम्हीच ठरवलं आणि आमच्यातल्या एकीनं घरचा एम-सील आणून झाकणाची बारीक भोकं, फटी, सगळं लिंपून टाकलं. वर प्लास्टिक बसवून आवळून बांधलं. ठरावाच्या वहीत ते लिहिलेलंसुद्धा आहे. पाणी थांबलं. पण वारंही थांबलं.

आता काय होत होतं ते बघा. इंजिन टाकीतनं डिझेल ओढतं. जेवढं डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. भोक बुजल्यावर हवा येईना. मग टाकीच आतून डिझेलला धरून ठेवायला लागली. टाकी भरलेली असेल तर वर मोकळी जागा थोडी, त्यामुळं थोडंसं डिझेल गेलं तरी ओढाताण लवकर वाढते. टाकी रिकामी असेल तर आत हवा पुष्कळ, म्हणून त्रास उशिरा. सपाटीला डिझेल कमी लागतं, घाटात जास्त, म्हणून घाटातच दम जायचा. शेवटी ओढ इतकी वाढायची की नळीच्या एखाद्या सांध्यातनं हवा आत शिरायची, म्हणून फेस. आणि अर्धा तास थांबलं की बारीक फटीतनं हळूहळू वारं आत जायचं, आणि गाडीचा रुसवा निघायचा.

आम्ही लगेच उड्या मारल्या नाहीत. बॅटरीच्या वेळीही आम्हाला खात्रीच होती की! म्हणून ठरवलं, पडताळून बघू. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं, झाकण थोडं सैल ठेवलं, वरून स्वच्छ फडकं बांधलं आणि मुद्दाम टाकी भरून घाट चढलो. गाडी एकदाही अडली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी माल न घेता, झाकण परत पहिल्यासारखं आवळून, टाकी भरून, तोच घाट चढलो. पुन्हा ओढ गेली आणि पुन्हा बंद पडली. धाकटीनं उतरून झाकण फिरवलं. फुस्स! एअर काढली, सेल्फ मारला, गाडी चालू.

मैत्रिणींनो, गाडी बंद पडल्याचा आनंद आम्हाला आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी झाला. पण हे शिकण्यासारखं आहे. काहीतरी केलं आणि त्रास गेला, एवढ्यावर खात्री धरायची नाही, कारण तो योगायोग असू शकतो. आपण काढला की जातो आणि घातला की येतो, तेव्हा तो खरा दोष.

नवीन झाकण आणलं, हवेची वाट असलेलं पण पाणी न जाणारं. त्या गाडीसाठी ते तसंच मिळतं, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अडीचशे रुपये लागले. नळ्यांचे दोन क्लॅम्प बदलले. बावीस हजार खात्यातच राहिले.

मिस्त्रीला जाऊन सांगितलं, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "पहिल्या दिवशी ही वही आणली असती तर मीच सांगितलं असतं." खोटं नव्हतं ते. त्याच्याकडं गाडी गेली की तो आधी टाकीचं झाकण उघडून डिझेल बघायचा, आणि तिथंच आजार निघून जायचा. आता आमची गाडी त्याच्याकडं जाते ती वहीसकट.

आता धाकटीचं. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच होता. जी डिझेलवरनं बोलली होती ती उभी राहिली, पण आम्ही तिला एकटीला बोलू दिलं नाही. चूक सगळ्यांची होती. झाकण आम्ही लिंपलं, टाकी भरून ठेवायला आम्ही सांगितलं आणि बोल तिला लावला. ठरावाच्या वहीत आम्ही लिहिलं: "गाडीच्या बिघाडाबद्दल चालवणारीला विनाकारण दोष दिला, त्याबद्दल गट दिलगीर आहे. यापुढं नोंद बघितल्याशिवाय कुणावर बोल ठेवायचा नाही." अकराजणींच्या सह्या आहेत. धाकटीनं ते वाचलं आणि म्हणाली, "सह्या ऱ्हाऊ द्या, आता तुम्ही पण दोघी-तिघी चालवायला शिका." दोघी शिकतायत.

जाता जाता, गाडी वाटेत बंद पडली तर जीव सांभाळायच्या चार गोष्टी. इंजिन बंद झालं की ब्रेकचा पाय जड होतो. घाबरून सारखा सारखा दाबायचा नाही, एकदाच जोर लावून दाबून धरायचा आणि गाडी कडेला घ्यायची. चढावर उभी असेल तर हँडब्रेक ओढायचा, पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागं मोठा दगड लावायचा. दगड लावणारीनं बाजूनं जायचं, गाडीच्या मागं उभं राहायचं नाही. निघताना तो दगड उचलून कडेला टाकायचा, रस्त्यात सोडायचा नाही. मागून येणाऱ्याला दिसेल असा लाल त्रिकोण लांबवर ठेवायचा. आणि टाकी, फिल्टर उघडं असताना जवळ विडी, काडी, कसलाही जाळ नको. पेट्रोलच्या गाडीला तर जास्तच जपायचं.

ज्यांच्याकडं स्कूटी आहे त्यांनीही हाच क्रम धरायचा. आधी बघा, पेट्रोल आहे का, लाल बटण चुकून बंद झालंय का. काही नव्या गाड्या साइड स्टँड खाली असला की चालूच होत नाहीत. मग प्लग, मग एअर फिल्टर. आणि थोडं अंतर जाऊन बंद पडत असेल, तर थांबून एकदा टाकीचं झाकण उघडून बघा. फवारणीच्या पेट्रोल पंपाच्या झाकणालाही हवेची वाट असते. ती मातीनं बुजली की तोही असाच मधेच मरतो.

तर आमचं सांगणं एवढंच. गाडी असो, पिठाची गिरणी असो, शेवया करायचं यंत्र असो, गटाच्या प्रत्येक यंत्राला एक वही ठेवा. कधी बिघडलं, कसं बिघडलं, आधी काय केलं होतं, ते लिहा. त्यात आपण स्वतः काय दुरुस्ती केली होती तेसुद्धा लिहा, लाजू नका. आमचा आजार आमच्याच औषधातनं आला होता, आणि तो सापडला तोही वहीतच.

पुढच्या वेळी पसरणीच्या घाटात भाजीचा टेम्पो वर चढताना दिसला, तर हात करा. धाकटी हॉर्न वाजवेल.

नमस्कार.